तीन दशांश

रुवीच्या शाळेचं सभागृह, शुक्रवार, तिसरी घंटा.
उजव्या विंगेत प्लास्टिकच्या स्टुलावर मी,
मांडीवर संहिता, हातात बोटाएवढी बॅटरी.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
बाहेर आठ वाजून गेले तरी डोंगर
दिवसभर गिळलेलं ऊन अजून ओकतायत.

मस्कतमध्ये हे नाटक दुसऱ्यांदा होतंय.
पहिल्यांदा झालं तेव्हा मी इथे आले नव्हते.
म्हणतात, प्रयोगानंतर पार्किंगमध्ये
दोन घरं भांडली, ती अजूनही
मंडळाच्या आरतीला दोन टोकांना उभी राहतात.
कोण बरोबर होतं, ते आता दोघांनाही आठवत नाही,
आपण बरोबर होतो एवढंच आठवतं.

संहिता म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.
अनुस्वार उडालेले, वेलांट्या तुटलेल्या,
समासात कुणा जुन्या प्रॉम्प्टरची पेन्सिल:
'पंखा बंद.' 'इथे टाळी येते.' 'शालन खोकते, घाबरू नये.'

मंचावर वसतिगृहाचे रेक्टर.
माणूस वाईट नाही, तीच तर पंचाईत.
पोरांच्या तापात रात्र रात्र जागलेला,
स्वतःच्या ताटातली पोळी मोडून दिलेला,
त्याने रखवालदाराला घालवलंय, एका वाक्यावर.
भूमिका केळुसकरांची.
दिवसा ते बरक्याच्या प्लांटवर
गोड केलेल्या समुद्रात उरलेलं मीठ मोजतात.

तिसरा अंक, पान एकाहत्तर.
रखवालदाराची मुलगी विचारते,
'तुम्ही पाहिलंत?'
आता रेक्टरने म्हणायचंय,
'पाहावं लागत नाही, पोरी. मला खात्री आहे.'

केळुसकर गप्प.

बादलीत एक थेंब.
वाक्याखाली माझं बोट.
शेजारी पेन्सिलीत 'थांब', आणि त्यावर काट मारलेली.
कुणी लिहिलं, कुणी खोडलं?

आमच्या फार्मसीत, गेल्याच्या गेल्या रमजानात,
गल्ल्यात अठरा रियाल सातशे पन्नास बैसा कमी भरले.
या देशात पैसे तीन दशांशांपर्यंत मोजतात.
मॅनेजर म्हणाला, तुला काय वाटतं?
वाटत नाही, मी म्हटलं, खात्री आहे.
शिहाबुद्दीन थर्मामीटर लावत होता खणात,
सगळ्यांची टोकं एकाच बाजूला.
त्याने तो खण पुरा केला, मगच वळला.
आठवड्याभरात तिकीट निघालं चितगावचं.

पैसे कुठल्या फटीत सापडले असते
तर मी चुकले हे तरी पक्कं झालं असतं.
सापडले नाहीत.
आणि पुन्हा कधी कमीही भरले नाहीत.
म्हणजे मी बरोबरही असेन.
हे सगळ्यात वाईट.

दुसरा थेंब.
नुसतं 'पा' म्हटलं असतं तरी पुरे होतं,
पुढचं ते आपोआप बोलले असते.
तोंड उघडलं मी. ओठ कोरडे.
केळुसकरांनी मान न वळवता
डोळे तेवढे विंगेकडे आणले,
कानशिलावरून पावडरचा ओघळ आला खाली.
मुलगी उभीच. तिचा प्रश्न उभा.
तिसऱ्या रांगेत कुणाची तरी बांगडी वाजली.

मग प्रकाशयोजनेवरच्या बिनॉयला,
ज्याला मराठी येत नाही,
नाटक संपलं असं वाटलं असावं.
त्याने अंधार केला.

टाळ्या थांबेनात.
ग्रीनरूममध्ये बिर्याणीचे डबे, सेल्फी,
मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचे डोळे ओले:
काय तो पॉज! वाक्य गाळायचं केव्हा ठरवलंत?
केळुसकर हसले, नमस्कार केला,
मिशी सोलताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले,
मेलो होतो मी तिथे. दिलं का नाहीस?

बॅटरी गेली, मी म्हटलं.

त्यांनी माझ्या मुठीकडे पाहिलं.
बोटांच्या फटींतून लाल उजेड येत होता,
मी ती अजून बंद केली नव्हती.